शाळेचं वय

॥ श्री ॥

मल्लेश्वरम, बेंगळूर
ता. १८ जानेवारी १९६१

तीर्थरूप अण्णांच्या चरणी,
शालनचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

आईने पाठवलेले तिळाचे लाडू पोचले. वाटेत त्यांचा चुरा झाला होता. घरमालकीण अंबूअक्कांनी तो इथल्या एळ्ळु-बेल्लात, म्हणजे इथल्या तिळगुळात, मिसळून शेजारीपाजारी वाटला आणि वर मलाच ऐकवलं की तुमच्या गावाकडे तीळ स्वल्प जास्त भाजतात. आईला हे सांगू नका.

आता खरी बातमी. कॅनडातल्या विद्यापीठाचं उत्तर आलं. रसायनशास्त्राच्या एम.एस्सी.साठी त्यांनी मला घेतलं आहे. शिष्यवृत्तीही देऊ म्हणतात. तिच्याशिवाय मी जाऊ शकत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. गुरुराज पत्र घेऊन स्वतः माझ्या टेबलाशी आले. पाच वर्षांत त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

पण शिष्यवृत्तीला एक अट आहे. येत्या १ सप्टेंबरला पंचवीस वर्षं पुरी झालेली नसावीत, आणि वयाचा पुरावा ३१ मार्चच्या आत त्यांच्या हाती पडावा. घरच्या वयाने मी चोवीसची आहे, शाळेच्या वयाने सप्टेंबरच्या आत सत्तावीस पुरी झालेली असतील. आजवर ह्या दोन वयांची आपण थट्टाच केली. आई म्हणायची की माझी मुलगी शाळेत गेली की थोरली होते आणि घरी आली की पुन्हा लहान. आता ती थट्टा कागदावर माझ्यासमोर पडली आहे.

डॉ. गुरुराज म्हणाले की विद्यापीठ पासपोर्टवरची तारीख धरेल, पासपोर्ट मॅट्रिकच्या सर्टिफिकेटवरून निघेल, आणि सर्टिफिकेटात बदल करायचा तर बोर्ड शाळेचं मूळ रजिस्टर तपासायला माणूस पाठवेल. मुख्याध्यापकाने लिहून द्यायला हवं की नोंदीत चूक झाली होती. गावच्या पाटलांनी मुलींचे जन्म लिहून ठेवायची तसदी घेतली नाही, म्हणून दुसरा कागद नाही. मुख्याध्यापकही तुम्हीच आणि वडीलही तुम्हीच. तुमच्याकडून चुकीची कबुली मागायची वेळ माझ्यावर यावी, हे मला फार लागलं आहे.

आईला नमस्कार. राग नसावा.

तुमची
शालन

•

॥ श्री ॥

कुसनहट्टी, ता. चिकोडी
ता. २६ जानेवारी १९६१

चि. शालन हिस,
अण्णाचे अनेक आशीर्वाद.

झेंडावंदनाचं भाषण करून आत्ताच आलो. घसा बसला आहे. तुझी आई म्हणते की लाउडस्पीकर नसता तरी चिकोडीपर्यंत ऐकू गेलं असतं. तुझी बातमी ऐकून ती आधी देवापुढे बसली, मग जात्यापुढे. कॅनडात ज्वारीचं पीठ मिळतं का, हा तिचा प्रश्न आहे. उत्तर दे, नाहीतर पोतं येईल.

तू 'चूक' हा शब्द लिहिलास. पोरी, ती चूक नव्हती. मी ह्या शाळेवर आलो तेव्हा बारा वर्षांच्या मुलीचं लग्न ठरलं की बाप पाटी परत न्यायला येत असे. सातवी फायनलपर्यंत एकही मुलगी पोचलेली नव्हती. नियम म्हणत होता की सात वर्षांची झाल्याशिवाय दुसरीत घालायची नाही, आणि गाव म्हणत होतं की बाराची झाली की शाळेत ठेवायची नाही. मधल्या पाच वर्षांत फायनल कशी व्हायची? मला आणखी दोन वर्षं हवी होती. ती मला ना सरकार देणार होतं, ना गाव. मी ती रजिस्टरातून घेतली. अक्षरं येणाऱ्या मुली साडेचार-पाच वर्षांच्या असताना आणून थेट दुसरीत बसवल्या, सात लिहिलं आणि बारा व्हायच्या आत फायनल करून सोडल्या. त्यातली पहिली तू.

ज्या सरकारला मुलीच्या जन्माची एक ओळ लिहावीशी वाटली नाही, तेच आज तिला विचारतं की तू जन्मलीस कधी, पुरावा दाखव! हा निर्लज्जपणा आहे, आणि मी तो तोंडावर सांगेन. बोर्डाला अर्ज लिहितो. शाळा तपासणारे दिपोटीसाहेब रजिस्टर बघायला आले तर त्यांच्यासमोर उभा राहून म्हणेन की हे अक्षर माझं, हे खोटं माझं, आणि ह्या खोट्याने गावात सातवी झालेल्या मुली निपजल्या. जूनअखेर मी निवृत्त होतो. मला काय करतील?

तू तयारीला लाग. माया आहेच.

अण्णा

•

॥ श्री ॥

कुसनहट्टी
ता. ९ फेब्रुवारी १९६१

प्रिय शालन हिस,
गोजराबाईचा सप्रेम नमस्कार.

'बाई' मीच लावून घेतलं. दहा वर्षं मास्तरीण आहे, कुणीतरी मान द्यायला हवा.

तुझी बातमी कळली. गल्लीत साखर वाटली, माझ्या पोरीने दोनदा घेतली. परवा गुरुजींनी मला बोलावून बोर्डाला लिहिलेला अर्ज वाचून दाखवला. काय भाषा! दिपोटी वाचतील तर उठून उभे राहतील. पण वाचताना गुरुजींनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. एरवी ते समोरच्याच्या डोळ्यांत पाहूनच बोलतात. म्हणून घरी येऊन मी विचार करत बसले.

शालन, आपण एकाच दिवशी शाळेत आलो. रजिस्टराच्या त्या पानावर आपण सात मुली आहोत आणि सातही जणी एक जूनला जन्मलेल्या. गुरुजींना तेव्हा वेगवेगळ्या तारखा सुचल्या नाहीत. दिपोटी पान उघडतील ते तुझी एक ओळ वाचून मिटणार नाहीत. आमच्यातल्या तिघी मास्तरिणी आहेत, एक दवाखान्यात नर्स. नोकरीला सतरा पुरी हवी होती. घरच्या वयाने मी तेव्हा पंधराची होते. बाकीच्यांचंही तसंच. माझ्या नवऱ्याचं तुला माहीत आहे, तो गेला तो मुंबईला, आणि परत आला नाही. घरात सासू, पोरगी आणि मी. तिघींचं माझ्या नोकरीवर चाललं आहे.

मी तुला थांबवत नाही. तुझ्याजागी मी असते तर गेले असते, खोटं कशाला सांगू. फक्त दिपोटी कधी येणार ते आधी कळव, म्हणजे सासूला माझ्या तोंडून कळेल. आणि तिकडून बर्फाचं एक चित्र माझ्या वर्गासाठी पाठव. वर्ग राहिला तर.

आठवण ठेव.

तुझी
गोजरा

•

॥ श्री ॥

मल्लेश्वरम
ता. १४ फेब्रुवारी १९६१

तीर्थरूप अण्णांस,
शालनचा नमस्कार.

गोजराचं पत्र आलं. अण्णा, तुम्हाला हे ठाऊक होतं. तुमच्या पत्रात 'गावातल्या मुली' होत्या, त्यांची नावं नव्हती. सभेत नावं नसली तरी चालतात. इथे चालत नाहीत.

दोन दिवस मी प्रयोगशाळेत चुकीची मापं घेते आहे. डॉ. गुरुराजांनी कारण विचारलं, मी सांगितलं. ते म्हणाले की एक नोंद दुरुस्त करताना शेजारच्या नोंदींचा विचार करायचा नसतो. मी त्यांना म्हटलं की ह्या शेजारच्या नोंदीच्या घरात एक सासू आणि एक मुलगी आहे. ते चष्मा पुसत राहिले.

अर्ज टाकला आहे का? टाकला असेल तर तार करा. टाकला नसेल तर टाकू नका. मी हे मोठ्या मनाने लिहिते आहे, असं समजू नका. मला जायचं आहे. कॅनडाच्या त्या प्रयोगशाळेचं छापील पुस्तक माझ्या उशाशी आहे. त्यात कुठल्या मजल्यावर कुठलं यंत्र आहे ते मला पाठ झालं आहे. मला राग येतो, आणि तो कुणावर करायचा ते कळत नाही. तुमच्यावर करावा तर तुम्ही तसं लिहिलं नसतं तर आज मी चुलीपुढे असते.

उत्तर लगेच यावं.

शालन

•

॥ श्री ॥

कुसनहट्टी
ता. २१ फेब्रुवारी १९६१

चि. शालन हिस,
आशीर्वाद.

अर्ज टाकलेला नाही. झेंडावंदनाच्या दिवशीच लिहून झाला होता. तेव्हापासून रोज कोटाच्या खिशात घालून पोस्टापर्यंत जातो आणि पोस्टमास्तरांशी हवापाण्याच्या गोष्टी करून परत येतो. पोस्टमास्तरांना वाटतं की निवृत्तीच्या विचाराने मला करमेनासं झालं आहे.

गोजराला अर्ज मुद्दाम वाचून दाखवला. वाटलं, ती रडेल, ओरडेल, माझे पाय धरेल, आणि मग मला ठरवता येईल. ती म्हणाली की छान लिहिलंय गुरुजी, आणि भांडी घासायची राहिली आहेत म्हणून उठून गेली. तिने मला काही सांगितलं नाही, तुला लिहिलं. मी जे करायला हवं होतं ते तिने केलं.

तीस वर्षं मी लोकांना हात वर करून शपथा घ्यायला लावल्या. अन्यायाविरुद्ध उभं राहणं मला कधी जड गेलं नाही, कारण समोर नेहमी दुसरा कुणीतरी होता. ह्या वेळी एका बाजूला माझी मुलगी आहे, दुसऱ्या बाजूला माझ्याच मुली, आणि दोन्हीकडे अक्षर माझं. तू म्हणशील तर उद्या अर्ज टाकतो. हे वाक्य लिहिताना मला लाज वाटते. बापाने ठरवायचं ते मी लेकीवर ढकलतो आहे. तरी लिहितो, कारण खरं तेवढंच आहे.

आईला मी काही सांगितलेलं नाही. तिने पीठ चाळून ठेवलं आहे.

अण्णा

•

॥ श्री ॥

मल्लेश्वरम
ता. २० एप्रिल १९६१

तीर्थरूप अण्णांस व आईस,
शालनचा नमस्कार, वि. वि.

फेब्रुवारीअखेर मी मॅट्रिकच्या सर्टिफिकेटवरची तारीख जशीच्या तशी लिहून पाठवली. काल उत्तर आलं. प्रवेश कायम, शिष्यवृत्ती मिळणार नाही. फार सभ्य पत्र आहे. वाचताना एखाद्याला वाटेल की त्यांनाच जास्त वाईट वाटलं. मी नकार कळवून टाकला. पुढच्या वर्षी घरच्या वयानेही मी अटीत बसत नाही, तेव्हा हा विषय संपला.

अंबूअक्कांनी काही विचारलं नाही. सरी, ठीक आहे, आधी जेव, एवढंच म्हणाल्या आणि ताटात दोनदा भात वाढला. विद्यापीठाने त्याच पत्रात शिष्यवृत्तीसाठी दुसरं नाव मागवलं आहे, तेव्हा डॉ. गुरुराज आता आमच्या प्रयोगशाळेतल्या श्रीकांतला पाठवणार आहेत. तो माझ्यानंतर तीन वर्षांनी आला. माझं अक्षर चांगलं म्हणून त्याचा फॉर्म मी भरून दिला. त्याच्या वयाच्या रकान्यापाशी मला थांबावं लागलं नाही.

गोजराला मी वेगळं लिहिलं आहे. तिने आभार मानू नयेत असंही लिहिलं आहे. ती मानणार नाही, ते बरं आहे.

आई, ते पीठ मला इकडेच पाठव. इथे ज्वारी चांगली मिळत नाही.

तुमची
शालन

•

॥ श्री ॥

कुसनहट्टी
ता. १२ जून १९६१

चि. शालन हिस,
आशीर्वाद.

निरोपसमारंभाची तारीख ठरली. मी भाषण करणार नाही असं कळवलं. गावाचा विश्वास बसत नाही. लोक तुझ्या आईला विचारतात की मास्तर आजारी आहेत का.

पत्र लिहिण्याचं कारण वेगळं. आज सकाळी कल्लाप्पा त्याच्या पोरीला घेऊन आला. तायव्वा नाव. साडेचार वर्षांची आहे, घरीच थोरल्या बहिणीकडून अक्षरं शिकली, फळ्यावरचं वाचते. कल्लाप्पाने सगळ्यांसमोर सांगितलं की आत्ता घ्याल तर घ्या, बाराची झाली की तिला देऊन टाकणार. वीस वर्षं झाली, राज्य बदललं, आणि माणूस तेच बोलतो. मी खूप बोललो. त्याने ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच म्हणाला.

रजिस्टर उघडलं, तिचं नाव लिहिलं, बापाचं नाव लिहिलं, आणि जन्मतारखेपाशी हात थांबला. खरी तारीख लिहिली तर आत्ता तिला परत पाठवावं लागेल, आणि कल्लाप्पा पुन्हा आणणार नाही. दोन वर्षं वाढवली तर काय होतं ते मी तुझ्यात पाहिलं. हा रकाना भरताना मी आजवर कुणाला विचारलेलं नाही. आज तुला विचारतो. जागा कोरी ठेवली आहे. ३० तारखेला किल्ल्या द्यायच्या आहेत.

अण्णा

•

॥ श्री ॥

मल्लेश्वरम
ता. १७ जून १९६१

तीर्थरूप अण्णांच्या चरणी,
शालनचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. दोन दिवस उत्तर लिहिलं नाही. तुम्ही मला विचारलंत म्हणून बरं वाटलं आणि म्हणूनच रागही आला.

दोन वर्षं वाढवून लिहा. मी झालं गेलं विसरले म्हणून नव्हे. श्रीकांत सप्टेंबरात निघतो आहे. तो त्या पुस्तकातल्या यंत्रांची नावं माझ्याकडून विचारून घेतो, आणि त्याला सांगताना रोज माझ्या मनात काहीतरी तुटतं. ते भरून येईल असं मला वाटत नाही. पण ते तुटतं ते प्रयोगशाळेत उभी असताना. तायव्वालाही असं काहीतरी हातातून जाण्याइतकं मिळू दे.

मात्र एक जून लिहू नका. तिची तिला वेगळी तारीख द्या, आश्विनातली, पौषातली, कुठलीही. म्हणजे पुढे कधी तिची ओळ उघडावी लागली तर तिच्याबरोबर दुसऱ्या कुणाची उघडणार नाही.

आईला नमस्कार. आहे तशी माया असू द्यावी.

तुमची
शालन