ढकलायची गाडी

तीर्थरूप आई-बाबा,

दोघांना नमस्कार. मी ठणठणीत आहे, जेवण वेळेवर होतं, उगाच काळजी करू नका.

गाड्यांचं प्रदर्शन परवा संपलं. फोटोत पाहिलीत ती उन्हावर चालणारी हिरवी गाडी आमच्याच वर्कशॉपमध्ये घडली, हे खरं. पण बाबा, "लेकीची गाडी पुढच्या वर्षी दारात येणार" असं तुम्ही शेजारीपाजारी सांगत सुटलात, म्हणून लिहिते. तिच्यात मोटारच नाही हो! आतून नुसता फोम, वरून रंग. दारंसुद्धा उघडत नाहीत. लोक यायच्या आधी आम्ही सहा जणांनी हातमोजे घालून ती ढकलत मंचावर नेली. तिच्या छतावरचे दिवे लागावेत म्हणून हॉलमागे डिझेलचा जनरेटर धडधडत होता. आत टाळ्या पडत होत्या आणि मला त्या धुरात आईचा खोकला आठवत होता.

आधीच्या वर्षांच्या गाड्या ताडपत्रीखाली धूळ खात पडल्यात. साहेबांना विचारलं, "रस्त्यावर कधी येणार?" तर म्हणाले, "पुढच्या वर्षी निळा रंग घेऊ." कपाळावर हात मारून घेतला.

बाबा, आईचा खोकला कसा आहे? खरं सांगा. तुम्ही तिला दवाखान्यात चालत नेता, असं दादानं कळवलं. माझ्या गाडीच्या भरवशावर स्कूटर दुरुस्त करायचं टाळताय ना? उद्याच मेकॅनिककडे टाका. धूर सोडेल, पण आईला दवाखान्यापर्यंत नेईल तरी. माझ्या गाडीला गेटपर्यंत न्यायलाही सहा माणसं लागतात.

तुमची,
धाकटी