भाचीला पाठवलेला कोळसा

सोलापूर,
१२ जानेवारी २०२५

ती. रामहरी मामांस,
ऋतुजाचा सा. न. वि. वि.

फोन केला की तुम्ही स्पीकर लावून सगळ्या पाराला ऐकवता, म्हणून हे पत्र. तुम्ही बाभळीचा कोळसा कुटून पाठवलात, ती पूड बाहेरच्या प्रयोगशाळेत तीन हजार अंशांपर्यंत तापवून आली. मामा, तिचं ग्रॅफाइट झालं! एवढ्या उष्णतेत कार्बनचे विस्कटलेले थर सरळ होऊन पापडांच्या चळतीसारखे एकावर एक बसतात. पण लाकडाचा कोळसा सहसा दाद देत नाही, असं पुस्तकं सांगतात. सर थक्क झालेत. मार्चमध्ये पुण्याच्या परिषदेत मी हे मांडणार. माझी पीएच.डी. आता यावरच उभी आहे.

मामीला नमस्कार. माया आहेच, ती आटू देऊ नका.

तुमची,
ऋतुजा

माढा,
२० जानेवारी

चि. ऋतुजास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी पारावर वाचून दाखवलं. सरपंचांनी लगेच जत्रेत मला शाल-नारळ द्यायचं ठरवलं. तेव्हापासून मला झोप नाही.

यंदा माझी भट्टी कच्ची उतरली. असला भुसभुशीत माल भाचीला कसा पाठवायचा? आपल्यात भाचीला ज्वारीसुद्धा पाखडून देतात. म्हणून माउली लोहाराकडचा कोक, म्हणजे भाजून घट्ट केलेला दगडी कोळसा, आणला आणि तोच कुटून तुला पाठवला. मामी म्हणते, तुमी लई शाणे, आता पोरीचं नाक कापाल की. खरं आहे. गप्प बसलो तर शाल मिळेल, पण परिषदेत तुझं हसं होईल, आणि ते मला सोसायचं नाही. सोबत माझा खरा कोळसा पाठवतोय, जसा आहे तसा.

राग धरलास तर दोन दिवसच धर.

तुझा,
रामहरी मामा

सोलापूर,
२८ फेब्रुवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

आठवडाभर रागावले होते. सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी चष्मा काढला, मग हसले. तुमचा कोळसाही त्याच आचेतून काढला. त्याचे थर जागचे हलले नाहीत, ग्रॅफाइट झालंच नाही. दगडी कोळसा कोक होताना एकदा मऊ पडतो, तेव्हाच त्याचे थर सरकून जुळायला लागतात. लाकूड मऊ पडतच नाही. गुंता तसाच राहतो. मामीच्या मते तुम्हीही लाकडाचेच. आता दोन्ही कोळसे शेजारी ठेवून मांडणार आहे. नवा शोध बुडाला, पदवी वाचली.

जत्रेत तुम्ही सगळं कबूल करून शाल माउलीकाकांच्या खांद्यावर घातलीत, हे मामीने कळवलं. मला रडू आलं.

एक काम आहे. असा न सुधारणारा कोळसा नव्या बॅटऱ्यांना उपयोगी पडतो. सर तुमच्या कच्च्या भट्टीतलं आणखी एक पोतं मागतायत. कृपा करून पाखडू नका.

रागावले तरी तुमचीच,
ऋतुजा