पिवळं जाकीट, माप एल

३ फेब्रुवारी, सकाळी ९
पोलीस चौकीबाहेर नोटीस लागली आहे. 'नागरिक सहायक' पाहिजेत. गस्तीला सोबत करणं, ज्येष्ठांची विचारपूस, भांडणं वाढू न देणं. पगार नाही, पण पिवळं जाकीट मिळतं. पात्रता: वय साठच्या आत (मला अजून पंचवीस दिवस आहेत), चालण्याची ताकद, तीक्ष्ण नजर, सहनशीलता, शेजाऱ्यांशी चांगले संबंध. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मीच असणार.
रिटायर होऊन दीड वर्ष झालं. तेव्हापासून मला कोणी 'साहेब' म्हटलेलं नाही. भाजीवाला 'ओ काका' म्हणतो. हे जाकीट मला पाहिजेच आहे.

४ फेब्रुवारी
फॉर्म भरला. 'सहनशीलतेचं उदाहरण द्या' याला फक्त चार ओळी. तीन पानं जोडली. हिला वाचून दाखवली. मध्येच काहीतरी सांगायला लागली. म्हटलं, आधी पूर्ण ऐक. पूर्ण झाल्यावर म्हणाली, दूध उतू गेलं, तेच सांगत होते.
जाकिटाचं माप: पोट आत घेऊन 'एल' लिहिलं. उद्यापासून पहाटे पाचला उठून चालणार. रोज पाच किलोमीटर.

५ फेब्रुवारी, सकाळी ८.४०
गजर कोणीतरी बंद केला. चौकशी चालू आहे.

७ फेब्रुवारी
दोन शेजाऱ्यांच्या सह्या लागतात. शिंप्याकडे गेलो. त्याने मशीनच्या आवाजाबद्दलची माझी तक्रार काढली. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी कुंड्यांची काढली. लाँड्रीवाल्याने तर तीन तारखांसकट सांगितल्या. लोक मनात ठेवतात. मी मनात काही ठेवत नाही, लिहून ठेवतो.
हिला पाठवलं. दहा मिनिटांत चार सह्या घेऊन आली. माझ्या नावाचा दरारा आहे.

९ फेब्रुवारी
चाललो. कोपऱ्यापर्यंत. बूट चावतात.
व्याह्यांना फोन करून सांगितलं, निवड झाल्यातच जमा आहे. 'बरं' म्हणून फोन ठेवला. जळले असणार.

१२ फेब्रुवारी, सकाळी ११
गल्लीत संशयित इसम! बगलेत निळी फाइल, अंगठ्याला पट्टी. आधी शिंप्याशी बोलला, मग लाँड्रीवाल्याशी. मी पडद्याआडून नजर ठेवली. तो गेल्यावर लाँड्रीवाल्याला विचारलं. म्हणाला, तुमचीच चौकशी करत होता. म्हणजे घरफोडीची तयारी.
ही म्हणाली, अहो, तुमच्या फॉर्मसाठी चौकीतून आला असेल. मला हसू आलं. पोलीस साध्या कपड्यांत कशाला येतील?
लेखी वर्णन तयार केलं. उंची सहा फूट, निळा शर्ट, दाढी. ही म्हणते शर्ट करडा होता, उंची बेताची आणि दाढी नव्हतीच. बायकांचं लक्ष नसतं.

१३ फेब्रुवारी
चौकीत जाऊन तक्रार दिली. टेबलावर एक हवालदार, अंगठ्याला पट्टी. दारात सापडला म्हणे. वर्णन मोठ्याने वाचून दाखवलं, 'चेहऱ्यावर गुन्हेगारी छटा' इथपर्यंत. ते दोनदा मध्ये बोलायला गेले. म्हटलं, आधी पूर्ण ऐका. मग म्हणाले, काका, माझ्याकडे जरा नीट बघा. बघितलं. दमलेला माणूस. म्हटलं, तुम्हाला विश्रांतीची गरज आहे.
टेबलाखाली निळी फाइल होती. सरकारी फायली हल्ली निळ्याच येतात वाटतं.

२० फेब्रुवारी
पत्र आलं. अपात्र. 'निरीक्षण: चौकशीस आलेल्या कर्मचाऱ्यास संशयित ठरवले. दुसऱ्या दिवशी समोर बसूनही ओळखले नाही. ऐकून घेण्याची सवय: आढळली नाही.'
वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. पत्र चार वेळा वाचलं. ही चहा ठेवून गेली.
व्याह्यांना सांगायचं की तब्येतीमुळे मीच नाव मागे घेतलं.

२१ फेब्रुवारी, सकाळी १०
तोच हवालदार दारात. या वेळी लगेच ओळखला. वाटलं, फेरविचार झाला. म्हणाला, वहिनी आहेत का? गल्लीत सगळ्यांनी एकच सांगितलं म्हणे, सह्या वहिनींकडे बघून केल्या. तिच्यासाठी कोरा फॉर्म आणला होता.
तिने ओट्याशी उभ्याउभ्याच भरला. 'सहनशीलतेचं उदाहरण द्या' इथे अर्धी ओळ लिहिली: लग्नाला बत्तीस वर्षं झाली. मी म्हटलं, हे अपुरं आहे, पानं जोड. हवालदार म्हणाला, पुरेसं आहे.

४ मार्च, दुपारी ४.३०
काल जाकीट आलं. माप एम. मी घालून बघितलं, चेन लागत नाही.
सकाळी ही ते घालून गेली. भाजीवाला तिला 'मॅडम' म्हणाला, खिडकीतून स्पष्ट ऐकू आलं. पाठमोरी बघितली. ताठ चालते, मला कधी दिसलं नव्हतं.
जाताना सांगून गेली, विचारपूस करायच्या ज्येष्ठांची यादी मिळाली आहे. एकटे पडलेले, चिडचिड करणारे, ज्यांच्याशी कोणी बोलत नाही असे. गेल्या आठवड्यात साठी भरल्यामुळे पहिलं नाव माझं आहे. शेजाऱ्यांनी दिलं. पाच वाजता ड्यूटीवर येईन म्हणाली, बेल वाजली की दार उघडा.
साडेचारच वाजलेत. सहनशीलतेच्या त्या तीन पानांची माझ्याकडची प्रत काढून ठेवली आहे. शर्टही बदलला.