काटा चेपला नव्हता

आंबागड,
रविवार, दि. १२ फेब्रुवारी २०१७

ती. मामाजींस,
रत्नाचा साष्टांग नमस्कार. मंगलाताईंना नमस्कार, गुड्डीला तिच्या आईचा पापा.

आज परीक्षा झाली. पुण्याचे परीक्षक सकाळीच आले. मैदान झाडून ठेवलं होतं, सायकलचे जुने टायर नेमासाठी जवळ-लांब मांडले होते. मनाली पास झाली. परसराम शेवटच्या टायरला कमी पडला, त्याला पुन्हा बसावं लागेल. कवडूची परीक्षा झाली नाही. दुपारी परीक्षकांना भात आणि मरळीचा रस्सा वाढला. ते गेल्यावर टायर गोळा केले, भांडी घासली आणि घरी आले.

तुमचा खोकला कसा आहे? लाखनीत रस्त्याची धूळ फार. गुड्डीला हायवे ओलांडून एकटी शाळेत पाठवू नका. ट्रकवाले थांबत नाहीत.

मागं तुम्ही मंगलाताईंकडून विचारलं होतं, की ही त्या कॅम्पात अजून काय करते. मी कधी नीट सांगितलं नाही. पिसाच्या गरीनं मासे धरायला जे पाहुणे येतात, त्यांना फेक शिकवावी लागते. आपल्या गरीला वजन असतं, या गरीला नसतं. नुसतं कोंबड्याचं पीस बांधलेला काटा. म्हणून इथं दोरीच फेकायची असते. ती आधी मागं नेऊन पूर्ण सरळ होऊ द्यायची आणि मग पुढं टाकायची. हे शिकवणाऱ्याला प्रमाणपत्र लागतं आणि त्याच परीक्षेसाठी मी या तिघांची तयारी घेत होते. सराव गवतावर चालतो. काट्याच्या जागी लोकरीचा झुपका बांधतो, म्हणजे कुणाला लागत नाही. तुम्हीच हसला होतात, "पाण्याबिना मासे धरते काय वं? लागली का गवतात मरळ?" गुड्डीचे बाबा तेव्हा होते. ते तुमच्यापेक्षा जोरात हसले होते.

फेक जमली म्हणजे परीक्षा झाली असं नाही. परीक्षक मुद्दाम चुकीचं फेकतात. उमेदवारानं दोरी बघून हाताची चूक सांगायची. हात उशिरा थांबला, मनगट ढिलं पडलं, खांदा वळला, सगळं दोरीत दिसतं. गुड्डीच्या बाबांनी मला हेच शिकवलं. ते म्हणायचे, "हाताकडे पाहू नोको, दोरीकडे पाय. हात लपवते, दोरी लपवत नाही." या कामात आता माझा डोळा पक्का झाला आहे. लांबून, पाठमोरा माणूस असला तरी मी सांगू शकते की फेक कोणाची.

कवडूला मी घेतलं नव्हतं. कॅम्पाच्या साहेबांनी घेतलं. त्याचा मासळीचा ठेकेदार तलाव सोडून गेल्यापासून तो रिकामा होता. गुड्डीच्या बाबांच्या खुनातले चौघंही जामिनावर गावातच फिरत होते, साहेबांना त्याचं काही नव्हतं. मी नाही म्हणू शकले असते. म्हटलं नाही. चौघांपैकी एक रोज समोर असला तर कधीतरी काही कळेल, असं मनात होतं. तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही ओट्यावर उभं राहून जे बोललात ते मला पाठ आहे. "ज्या हातानं माह्या पोराचं, भूपेंद्रचं, डोस्कं फोडलं तो हात मोडेल, तवाच मी या घरचं पानी पेईन." मग गुड्डीचं बोट धरून तुम्ही गेलात.

कवडू कामाला वाईट नव्हता. लवकर यायचा, गवत कापून ठेवायचा. पूर्वी मला वहिनी म्हणायचा, तिथं मॅडम म्हणू लागला. फेक मात्र त्याला जमेना. हात थांबतच नव्हता, काठी हाणल्यासारखा खालपर्यंत यायचा. हात थांबला तरच दोरी पुढं जाते, नाहीतर जवळच ढीग होतो. नव्या माणसाला हे शिकवताना मागं उभं राहून त्याचं मनगट धरावं लागतं. मी त्याचं मनगट धरलं, मामाजी. बरेच दिवस धरलं. हळूहळू त्याचा हात थांबायला लागला.

हात थांबायला लागला तेव्हा त्याची दुसरी चूक उघडी पडली. शेवटी त्याचं मनगट आत वळायचं, आणि झुपका टायर सोडून डावीकडे वळून पडायचा. दर वेळेस तसाच.

पोलिसांना मी जबाब दिला होता की तोंडं दिसली नाहीत. तो खोटा नव्हता. मी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर होते, सूर्य त्यांच्या मागं होता, चौघंही काळे दिसत होते. गुड्डीच्या बाबांनी ठेकेदाराची जाळी कापली होती. मासे अंडी घालायला ज्या ओढ्यानं वर चढतात, त्याच्याच तोंडाला ती लावली होती. चौघं नाव रेटायचे बांबू घेऊन आले. मी धावत होते. बांबू उठलेला आधी दिसायचा, पाण्यावरून आवाज नंतर यायचा. गुड्डीचे बाबा गुडघ्यावर पडले, मग तोंडावर चिखलात पडले. तिघं मागं सरले. एकजण मारतच राहिला. पडलेल्या माणसाच्या डोक्यावर, परत परत, आणि दर वेळेस शेवटी त्याचं मनगट आत वळायचं. मी पोहोचले तोवर चौघं पळाले होते. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, तर माझी बोटं आत गेली. हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

गवतावर ती वळलेली दोरी पाहिली त्या दिवशी मी घरी येऊन जेवले, झोपले. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याचं मनगट धरलं. काय करावं ते कळत नव्हतं. दोरी बघून ओळखलं असं ठाण्यात सांगितलं असतं तर हसले असते.

काल शेवटचा सराव होता. कवडूला लागलं, असं साहेबांनी मंगलाताईंना फोनवर सांगितलं असेल. सरावात काटा लागला, असंच सगळे म्हणतात. पण सरावात काटा नसतो, झुपका असतो.

काल माझ्या दोरीला झुपका नव्हता.

मी कवडूला लांबच्या टायरपाशी, माझ्याकडे तोंड करून उभं केलं. मनाली आणि परसराम बाजूला होते. म्हटलं, मी चुकीचं फेकते, तू चूक सांग. आणि मी दोरी त्याच्यासारखी फेकली. मनगट आत वळवून. काटा टायर सोडून माझ्या डावीकडे पडला.

"मनगट आत वळलं, मॅडम."

"कोणाचं वळते असं?"

तो हसला. "माह्यंच वळते. आता सुधारलं ना पण."

"आणखी कुठं वळलं होतं?"

"म्हंजे?"

"मी पाळीवर होते, कवडू."

त्याचा चेहरा उतरला. परसरामला कळलं नाही, तो म्हणाला, "कायची पाळ वं वहिनी? टायर तं इकडे हाये." कवडू जायला वळला. मी दोरी मागं नेली, पूर्ण सरळ होऊ दिली, आणि पुढं टाकली. हात जिथं थांबायचा तिथं थांबला. बिनचूक फेक होती. डोळ्यावर मारली होती. त्यानं मान वळवली म्हणून गालात, डोळ्याच्या खाली लागली.

तो ओरडला. मी दोरी ढिली केली नाही. तो मागं सरला की मी ताणायची, गालाचं मांस तंबूसारखं वर यायचं. काटा धरायला हात नेला की पुन्हा ताणायची. शर्ट रक्तानं भरला. तो गुडघ्यावर आला आणि तसाच गवतावरून माझ्याकडे सरकत आला. मनाली रडत होती.

"सोड वहिनी, सोड! मी मारलो. भूपेंद्रले मीच मारलो. बाकीचे थांबले होते, माहा हातच थांबला नाही. सोड वं माय."

मी तरी ताणून धरली होती. परसरामनं चाकूनं दोरी कापली. "पागल झाली काय वं? मरन ना तो!"

तुमसरच्या दवाखान्यात काटा मागं ओढून निघेना. डॉक्टरांनी तो गालातून पुढं ढकलला, टोक बाहेर काढून तोडलं, मग काढला. कॅम्पात नियम आहे की प्रत्येक काट्याची टोकाजवळची उलटी नांगी पकडीनं चेपायची, म्हणजे चुकून माणसाला लागला तरी सहज निघतो. हा चेपला नव्हता. गुड्डीच्या बाबांनी शेवटी शेवटी बांधलेले काही काटे त्यांच्या डब्यात तसेच राहिलेत, लाल कोंबड्याच्या पिसाचे. मी डब्यातून चेपलेला नाही असाच निवडून घेतला होता. तो मला चुकून सापडला नाही.

पोलीस आले तेव्हा कवडू पट्टीतून म्हणाला, "सरावात लागला. चूक माहीच." त्यानं मला वाचवलं, असं मनाली म्हणते. मला वाटतं त्यानं स्वतःला वाचवलं. सरावच होता म्हटलं की मग तो काय बोलला हेही कोणी विचारत नाही. कदाचित दोन्ही खरं असेल. साहेबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "आता विषय संपला." म्हणून आज परीक्षा झाली. मी दिवसभर वाढलं, घासलं.

उद्या सकाळी मी ठाण्यात जाणार आहे. दोन्ही सांगणार आहे. तो काय बोलला ते, आणि मी काय केलं ते. माझं लपवलं तर त्याचं बोलणं ऐकणार कोण? वकील म्हणेल, दुखत होतं म्हणून बोलला. म्हणू दे. परसरामनं येतो म्हटलं आहे. मनाली आज पास झाली, तिला मी बोलावलं नाही, तरी तीही येते म्हणते. माझं प्रमाणपत्र जाईल. कदाचित मला आत घेतील.

तुम्ही हात मोडायचा म्हणाला होतात. मी तो मोडला नाही. उलट त्याला थांबायला मीच शिकवलं. दोरी ताणलेली होती तेवढा वेळ मला बरं वाटलं, हे खोटं सांगत नाही. पण घरी येऊन हात धुतले तेव्हा त्या दिवशीसारखंच वाटलं, बोटं आत गेल्यासारखं. तुमच्या सुनेनं सूड घेतला असं लाखनीत कुणाला सांगू नका. गुड्डीला तर नकोच. ती मोठी झाली की मी सांगेन.

तुम्ही आता घरी या. इथलं पाणी प्या. मी घरी नसले तर किल्ली शेजारच्या घरी आहे. गुड्डीची शाळा मधेच सोडवू नका, तिला आत्याकडे, मंगलाताईंकडेच राहू द्या.

दिवेलागण झाली. त्यांचा डबा काढून समोर ठेवला आहे, पक्कड शोधून आणली. चेपायचे राहिलेले काटे अजून आहेत. पत्र पाकिटात घातलं की बसून एकेक चेपते.

तुमची सून,
रत्ना