पाट्याच्या पाठीवरचा चौथा ठिपका

आबा, तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली आणि आज मी तुम्हाला लिहायला बसले ती एका पाट्यामुळे. घरात मी तुम्हाला कधी ‘तुम्ही’ म्हटलं नाही. आपल्या अहिराणीत बापाला ‘तू’च. पण हातात पेन आलं की शाळेतलं मराठी आठवतं आणि ‘तुम्ही’ लिहून होतं. तुम्ही असता तर म्हणाला असता, “कोनले लिखी ऱ्हायनी वं इतली मोठी चिठ्ठी? कलेक्टरले का?” हसू नका. यात तुमच्या टाकीची गोष्ट आहे, आणि माझी एक जुनी लबाडीही आहे.

आधी मी काय करते ते सांगते, कारण तुम्हाला शेवटपर्यंत वाटत होतं की मी सुरतेला हिरे घासते. हिरे कुठले! दागिन्यांच्या दगडांना भोकं पाडायच्या मशीनवर होते मी. तो कारखाना बंद पडला तेव्हा त्यातलं एक जुनं मशीन मी उचललं आणि नंदुरबारला आणलं. गावाबाहेर मिरची वाळत घालतात ना, त्या पथाऱ्यांच्या पलीकडे माझी पत्र्याची शेड आहे. मिरचीच्या हंगामात दिवसभर शिंका. तिथे मी दगडातून घड्याळाच्या केसेस कोरते. केस म्हणजे मनगटी घड्याळाचं यंत्र जिच्यात बसतं ती डबी. पुण्याला एक घड्याळवाला आहे, वर्षाला मोजकीच घड्याळं हाताने जुळवतो. डब्या माझ्याकडून जातात. लोक म्हणतात, दगडाचं घड्याळ? बाईचं डोकं फिरलं. म्हणू देत. तुम्ही दगडातून पाटे काढलेत, मी डब्या काढते, धंदा एकच.

आणि खरंच एकच आहे, आबा. तुम्ही खांद्याला पिशवी लावून “टाकीऽऽ, पाट्याले टाकीऽऽ” ओरडत गावोगाव फिरायचात, मोलगीच्या बाजारापर्यंत जायचात, आणि गुळगुळीत झालेल्या पाट्यावर टाकी धरून ठक ठक करत पुन्हा खडबडीत दाणे उठवायचात. माझं मशीनही ठोकतंच. जसा खड्डा हवा त्या आकाराचं पोलादी हत्यार त्याला लावायचं. ते हत्यार सेकंदाला वीस हजार वेळा थरथरतं. आवाज इतका बारीक की माणसाच्या कानाला कळत नाही, पण मी बटण दाबलं की शेडच्या सावलीतला कुत्रा वैतागून उठून जातो. हत्यार आणि दगड यांच्यामधून काळ्या कडक पावडरीचं पाणी वाहतं, आणि त्या पावडरीचा एकेक कण दगडाला टोचत राहतो. पोलाद स्वतः दगडाला टेकतही नाही. दाबायचं मात्र नाही. दाबलं की पावडर अडकते, दगड तसाच राहतो आणि हत्यार झिजतं. सुरतेच्या मिस्त्रीने पहिल्या दिवशी हे शिकवलं तेव्हा मला हसूच आलं. बापाकडून हे किती वेळा ऐकलं होतं! “दाबू नको वं. ठोक आनि हात उचल.”

शाळेत ‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही’ शिकून आले होते आणि मोठ्या ऐटीत तुम्हाला ऐकवलं होतं, आठवतं? तुम्ही म्हणालात, “देव कोनले व्हनं शे? पाटा व्हयना तरी बस.” आईला इतकं हसू आलं की तिची भाकरी करपली आणि ती करपलेली भाकरी तुमच्याच ताटात पडली.

तर महिन्यापूर्वी पुण्याहून एक जड खोकं आलं. घड्याळवाल्याचा फोन आला की एका गिऱ्हाइकाच्या आजीचा पाटा आहे, आजी धानोऱ्याची, गेल्या साली वारली. नातवाला त्याच दगडाच्या केसचं घड्याळ हवं आहे. एकच पाटा आहे, जपून करा. मी म्हटलं, अहो, दगड माझ्या ओळखीचा असतो, काळजी कसली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. खोकं उघडलं, काळा पाषाण बघून बरं वाटलं, आणि सवयीने पाटा उलटा केला. खालच्या बाजूला, उजव्या कोपऱ्याजवळ, तांदळाच्या दाण्याएवढे ठिपके ओळीने कोरलेले. तुमची सही. तुम्हाला अक्षर येत नव्हतं, म्हणून प्रत्येक पाट्याच्या पाठीवर तीन ठिपके. तुमच्या बापाचेही तीनच. मी बोट फिरवलं. एक, दोन, तीन, चार.

पुन्हा मोजले. चारच. मग मी खाली बसले, आबा. कोपरा ओळखला होता मी.

तेव्हा मी अकरा वर्षांची होते. सारंगखेड्याची यात्रा भरलेली. गाडीत पाटे चढवताना तुमचा उजवा अंगठा दोन दगडांमध्ये सापडला आणि काळानिळा झाला. धानोऱ्याच्या लग्नघरी नवा पाटा दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायचा होता. घडवून झाला होता, फक्त टाकी लावायची राहिली होती. हळदीचा लेप बांधलेला हात मांडीवर ठेवून तुम्ही म्हणालात, “तू मार. मी आठेच बसस.” आणि माझ्या शेजारीच बसलात. तुमचा माझ्यावर एवढा भरवसा बघून मी फुलून गेले होते. तीन कोपरे छान झाले. तुम्हाला मात्र ताप भरला आणि लिंबाखाली डोळा लागला. तेवढ्यात रस्त्यावर टेम्पो येऊन थांबला. गल्लीतल्या सगळ्या पोरी यात्रेत घोडे बघायला निघाल्या होत्या, हाका मारत होत्या, टेम्पोवाला हॉर्न देत होता. मी मुलखाची उतावळी. राहिलेल्या कोपऱ्यावर भराभर, अंगातला सगळा जोर काढून हातोडी मारली. एका घावाला आवाज बदलला. आधी खण्ण येत होता, तो एकदम बद्द झाला, मडकं चिरल्यावर येतो तसा. वरून काही दिसेना. मी धूळ झटकली आणि पळाले. घोडे काय पाहिले ते आज एक आठवत नाही. तो आवाज तेवढा आठवतो.

संध्याकाळी आले तर तुम्ही पाट्याजवळ बसलेले. हातोडीच्या दांड्याने एकेक कोपरा वाजवून बघत होतात. शेवटच्या कोपऱ्याशी थांबलात. पुन्हा वाजवला. माझ्याकडे न बघता विचारलंत, “जोरमा मारं का?”

“नही, आबा.”

“बरं.”

एवढंच. चिडला नाहीत, दुसऱ्यांदा विचारलं नाहीत. पाटा उलटा केलात, टाकी बांधलेल्या हातात कशीबशी धरलीत, डाव्या हाताने हातोडी घेतलीत आणि माझ्याकडे पाठ करून सही कोरायला बसलात. मी चुलीपाशी, आईच्या मागे लपून. ठोके ऐकत होते, पण मोजले नाहीत. जेवताना तुम्ही भाकरीचा तुकडा मोडत म्हणालात, “दगडले राग येत नही, पन दगड इसरत बी नही.” मी हातातला घास ताटात परत ठेवला. सकाळी धानोऱ्याची माणसं आली तेव्हा तुम्ही कोपऱ्यावर हात ठेवून सांगितलंत, “हाऊ कोपरा जरा नाजूक शे. आठे ठोकू नका, तठे वाटा.” त्यांना चालत नसेल तर दुसरा घडवून देतो, असंही म्हणालात. नव्या नवरीने हाच पसंत केला. मग आठ दिवसांनी तुम्ही मला एक टाकी आणि लहान हातोडी दिलीत, बाभळीचा दांडा माझ्या मुठीच्या मापाने तासलेला. “कारागीरनी सोतानी टाकी पाहिजे,” म्हणालात. मला वाटलं, यांना काही कळलेलंच नाही, म्हणून बक्षीस देताहेत. त्या टाकीकडे मला बघवेना. मी ती ट्रंकेच्या तळाशी घातली आणि तुम्ही कधी विचारलं नाहीत की वापरत का नाहीस.

आता पाटा माझ्या टेबलावर होता. सुलटा करून बघितला. आबा, त्या बाईने तुमचा शब्द जन्मभर पाळला हो! पाटा मधे आणि डावीकडे वाटून वाटून खोलगट झालेला, आरशासारखा. आणि उजव्या कोपऱ्यावर टाकीचे दाणे अजून जसेच्या तसे, टोचतील असे. वेडेवाकडे, घाईने मारलेले. माझे. अकरा वर्षांच्या पोरीचे हात मी बघत होते. मला रडू फुटलं, मिरचीमुळे डोळ्यांत पाणी आलं, असं सांगायलाही कोणी जवळ नव्हतं.

मी पुण्याला फोन केला. म्हटलं, केस डावीकडून काढते, उजव्या कोपऱ्यात आत चीर आहे. घड्याळवाला म्हणाला, “मॅडम, तेच तर नको. त्याला ते चार ठिपके घड्याळाच्या पाठीवर हवेत. आजी पोरांना सांगायची म्हणे, पाट्याला चार डोळे आहेत, चोरून खाल्लं की तो खालून बघतो. पण मला तर चीर दिसली नाही, तुम्हाला कशी कळली?” आता इथे सांगायचं होतं. मी म्हटलं, “वाजवून बघितलं. दगड सांगतो.” साठी ओलांडली तरी मी चुलीमागेच. संध्याकाळी निरोप आला की ठिपक्यांसकटच करा, फुटली तर नशीब.

फुटली असती तर तुमची सही गेली असती, त्या घरातल्या म्हातारीची खूण गेली असती, आणि एकाच दगडाचं मी दुसऱ्यांदा वाटोळं केलं असतं. तीन दिवस मी हातच लावला नाही. मग तो कोपरा जाड चकतीसारखा कापून वेगळा केला, पातळ डिंक चिरीत मुरवला, ठिपक्यांची बाजू काचेला चिकटवली, म्हणजे खालून टवका उडत नाही. बाहेरचा आकार नीट निघाला. खरी भीती आतल्या खड्ड्याची होती. यंत्र बसायला खड्डा खोल हवा आणि तळाशी, ठिपक्यांच्या मागे, नखाएवढीच जाडी उरते. सकाळी मशीन लावलं. कुत्रा उठून गेला. खड्डा किती उतरला ते दाखवणाऱ्या काट्याकडे मी बघत बसले.

दुपारी भावाच्या सुनेचा फोन. त्या दिवशी तिच्या लेकीचं बारसं, तुमची पणती, आबा. “आत्याबाई, निघाल्या का नाही? आणि येताना वरवंटा आणा हं, पाळण्याला लावायला. आमच्याकडे मिक्सरच आहे.” पाथरवटाच्या घरात वरवंटा नाही! म्हटलं, येते, थोडं राहिलंय. पुन्हा फोन. मग पुन्हा. “सगळ्या बाया खोळंबल्यात!” मशीनवर वजन सरकवायचा दांडा असतो, तो बोटभर पुढे ढकलला की काम लवकर उरकल्यासारखं वाटतं. माझा हात दांड्यावर गेला होता. खरं सांगते, गेला होता. मला तोच टेम्पोचा हॉर्न ऐकू आला. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबले आणि त्यांवर बसून राहिले, पोरासारखी. मोठ्याने म्हणत होते, दाबू नको वं, दाबू नको. कोणी बघितलं असतं तर गावभर झालं असतं.

बारशाला पोचले तेव्हा नाव ठेवून झालं होतं. बत्ता गुंडाळून वेळ भागवली म्हणे. सगळ्यांनी मला यथेच्छ झापलं आणि मी घुगऱ्या खात निमूट ऐकून घेतलं. पर्समध्ये रुमालात ती डबी होती. पोरीला मांडीवर घेतलं तेव्हा तिच्या तळव्याला हळूच लावून बघितली. थंड लागली म्हणून तिने भोकाड पसरलं.

आता डबी समोर आहे. फुटली नाही. पाठीवर चार ठिपके, आणि केसासारखी एक रेघ काठावरून निघून चौथ्या ठिपक्याशी येऊन थांबलेली. चौथा ठिपका चिरीवरच का मारलात, हे मला आत्ता कळतंय. सही करताना तुम्हाला सगळं ठाऊक होतं. हा पाटा आपण दोघांनी केला, एवढंच तुम्ही लिहून ठेवलंत, आणि मग मला टाकी दिलीत. मी ती ट्रंकेतून काढली आहे. हातोडीचा दांडा आता मुठीला पुरत नाही, लहान पडतो. एरवी प्रत्येक डबीच्या आत, यंत्राखाली झाकलं जाईल अशा जागी, मी तुमचे तीन ठिपके मारते, तुम्हाला न विचारताच. या डबीत मारले नाहीत.

उद्या पार्सल पुण्याला जाईल. ही चिठ्ठी कुठे जाणार? घडी करून टाकीबरोबर ट्रंकेत ठेवीन. तुम्ही वाचलीही नसती. मला बसवून वाचून घेतली असती आणि मधेच डुलकी काढली असती. म्हणून शेवटचं तेवढं वाचायचं नाही, ऐकायचं. तुम्ही एकदाच विचारलं होतंत. मी उत्तर द्यायला पन्नास वर्षं लावली.

हा, आबा. जोरमाज मारं व्हतं मी. तू झोपेल व्हता, आनि माले घोडा देखाले जानं व्हतं.