क्रिस्टाला दिलेली गाडी

लिंडाल, विस्कॉन्सिन
११ फेब्रुवारी २००८

चि. व्हर्ना,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. इकडे मी बरी आहे, म्हणजे कमरेतला नवा सांधा बरा आहे, बाकीची मी जुनीच. बर्फ खिडकीपर्यंत चढलंय. शेजारचा नॉर्बर्ट यंत्राने वाट मोकळी करून देतो आणि मग कॉफीला म्हणून बसतो तो उठता उठत नाही. फोनवर तू मला धड बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र.

सोबतच्या खोक्यात हातमोजे आहेत. मोठे निळे कोल्टनचे, छोटे लाल मॅलीचे. लाल मोज्यांना दोरी लावलीय, ती गळ्यातून घालायची. क्रिस्टाला म्हणावं, दोरी कापू नकोस. तीन वर्षांच्या पोरीचे दोन्ही मोजे संध्याकाळी घरी परत आले, असं माझ्या तरी पाहण्यात नाही.

खरं सांगू? मी ऑक्टोबरात हॉस्पिटलात पडले होते तेव्हा तू माझी ब्यूक गाडी दान करून टाकलीस, तेव्हा मी ठरवलं होतं की आता तुझं तोंड बघायचं नाही. बिलं भरायला म्हणून मी तुला माझ्या वतीने सहीचा अधिकार दिला, आणि तू त्याच अधिकाराने माझी गाडी उचलून तुझ्या चर्चच्या मदत-संस्थेला दिलीस! मला एका शब्दाने विचारलं नाहीस. घरी आले तर गॅरेज रिकामं, नुसता तेलाचा डाग. डॉक्टर म्हणाला गाडी चालवू नका. म्हणू दे की! एक टपालपेटी पाडली म्हणून माणसाला जन्मभर घरात कोंडायचं का? आणि ती पेटी रस्त्याला फारच चिकटून होती. नॉर्बर्टसुद्धा तसंच म्हणतो, आणि पेटी त्याचीच होती.

पण मग तू सांगितलंस की गाडी क्रिस्टाला मिळाली. नवरा टाकून गेलेला, पदरात दोन लेकरं, वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात पहाटेची पाळी, आणि त्या वेळेला बस नाही. ते ऐकलं आणि माझा राग निम्म्यावर आला. म्हटलं, जाऊ दे, माझ्यापेक्षा तिला जास्त गरज. आता तुझा फोन आला की मी आधी क्रिस्टाचं विचारते आणि मग तुझं. तू वाईट वाटून घेऊ नकोस हं.

मॅलीने काढलेलं चित्र पोचलं. फ्रिजवर लावलंय. मरून गाडी आणि मागचं एक दार पांढरं! पोरीची नजर बघ कशी आहे! ऑर्व्हिनने ते दार भंगारातून आणून बसवलं तेव्हा मी आठवडाभर नवऱ्याशी बोलले नव्हते. आख्ख्या तालुक्यात आमची गाडी त्या दारावरून ओळखायचे, मला लाज वाटायची. आता फ्रिज उघडताना त्याच दाराकडे बघून हसते.

आमचा लेक डेल ॲरिझोनात मजेत असावा. नाताळला त्याचा फोन आला होता, मागे टीव्ही चालू होता.

ईस्टरला क्रिस्टाला आणि मुलांना घेऊन ये. मी हॅम करीन. डेलची बर्फावरची जुनी घसरगाडी माळ्यावर आहे, ती नॉर्बर्टकडून खाली काढून घेतलीय. पुसून ठेवलीय.

तुझी,
आर्डिस


लिंडाल
१९ ऑगस्ट २००८

व्हर्ना,

या वेळी आशीर्वाद लिहीत नाही. विसरले नाहीये, लिहीत नाही.

इकडचं म्हणशील तर मी बरी आहे. टोमॅटो उदंड आलेत, नॉर्बर्ट टोपल्या भरून नेतो. मका उंच झालाय. शनिवारी जत्रेला गेले होते. माझ्या काकडीच्या लोणच्याला तिसरं बक्षीस मिळालं. पहिलं त्या ग्रेटा हाउगेनला, जिचं लोणचं म्हणजे नुसतं मिठाचं पाणी. असो.

नॉर्बर्ट म्हणाला, "आर्डिसबाई, तोंड पाडून काय बसता? चला, गाड्यांच्या टकरी बघू. डोकं शांत होतं." लहानपणी आपल्याला बाबा टकरी बघू द्यायचे नाहीत, आठवतं? अजून तश्शाच असतात त्या. जुन्या गाड्यांच्या काचा काढायच्या, दारं वेल्डिंगने बंद करायची, छपरावर नंबर रंगवायचा, आणि चिखल करून ठेवलेल्या रिंगणात सोडून द्यायचं. एकमेकींना ठोकत सुटायचं. शेवटी जी हलते ती जिंकली. लोक नुसते किंचाळत असतात.

अकरा नंबरची गाडी आली. मरून. मागचं एक दार पांढरं.

आधी मला काही कळलंच नाही. मी नॉर्बर्टला म्हटलं, "बघा हो, आमच्यासारखीच दिसते." त्याने माझी काठी उचलून माझ्या हातात दिली. मग मी उभीच राहिले. एका निळ्या गाडीने मागून तिला अशी धडक दिली की डिकी सीटपर्यंत आत गेली. लोक टाळ्या वाजवत होते. ज्या मागच्या सीटवर लहानपणी डेल तापाने फणफणलेला आडवा पडून दवाखान्यात गेला होता, आणि जिच्यावर ऑर्व्हिनला मी शेवटचं नेलं, ती सीट त्या गाडीत नव्हतीच म्हणा, काढून टाकली होती. पण मला दिसत होती. मी जोरात ओरडले. मागची बाई म्हणाली, "व्वा आजी, काय दम आहे तुमच्यात!" तिला वाटलं मी मजा घेतेय.

तरी त्या वेळेला मला तुझा राग आला नव्हता, व्हर्ना, हे लक्षात ठेव. मला क्रिस्टाची काळजी वाटली. अगं, म्हटलं, पोरीवर काय वेळ आली म्हणून तिने गाडी विकली? नोकरी गेली का तिची? आता पहाटे कामावर कशी जाते? ईस्टरला मुलांना कांजिण्या आल्या म्हणून ती आली नाही, जुलैत पाळी बदलली म्हणून आली नाही. मला वाटलं, बिचारी अडचणीत आहे आणि माझ्यासमोर यायला लाजते. टकरी संपल्यावर मी तशीच काठी टेकत गाड्या ओढून आणतात तिकडे गेले. नॉर्बर्ट मागून "अहो, चिखल आहे, चिखल आहे" करत येत होता.

अकरा नंबरवाली बाई होती, तिशीची, डार्सी नाव. तोंडभर चिखल आणि हसतेय. "आजी, लांब उभ्या राहा, इंजिन तापलंय!"

मी विचारलं, "क्रिस्टाने तुला विकली का गं ही? मुलं कशी आहेत तिची?"

"कोण क्रिस्टा?"

"जिची गाडी आहे ती. वृद्धाश्रमात काम करते."

"छे हो, मी ही लिलावातून उचलली. गेल्या नोव्हेंबरात. दानात आलेल्या गाड्यांची रांगच लागलेली असते तिथे. बऱ्यापैकी असतात त्या डीलर नेतात, उरल्या की भंगारवाले. ही भंगारातच निघाली होती. मी म्हटलं, थांबा थांबा, असा दणकट सांगाडा आता कुठे मिळतो! हिवाळाभर आमच्या गोठ्यात होती. कोंबड्या बसायच्या हिच्यात." मग माझा चेहरा बघून ती जरा नरमली. "तुमची होती का, आजी? अहो, लिलावाचे पैसे संस्थेलाच जातात, वाया नाही जात काही. पोरांना दप्तरं घेतात, बूट घेतात. आणि काय लढली हो तुमची गाडी! शेवटच्या तिघींत होती."

भली बाई आहे. तिने मला बसायला खोकं दिलं. संस्थेवरही माझा राग नाही. त्यांनी कधी मला सांगितलं नव्हतं की गाडी कुणा क्रिस्टाला देऊ. ते तू सांगितलंस.

तरीही मी मनाला समजावत होते की काहीतरी घोटाळा झाला असेल, क्रिस्टाला दुसरी गाडी मिळाली असेल आणि तुलाच नीट माहीत नसेल. म्हणून काल फोनवर मी मुद्दाम विचारलं, "क्रिस्टाची गाडी कशी चालतेय गं?" आणि तू काय म्हणालीस? "एकदम झकास! परवाच्या रविवारी मुलांना घेऊन तळ्यावर गेली होती. मॅलीने मागच्या सीटवर आइस्क्रीम सांडलं, ते पांढऱ्या दाराला लागलं."

पांढऱ्या दाराला! व्हर्ना, ते दार माझ्या डोळ्यांदेखत रिंगणात तुटून पडलं होतं, आणि त्याच्यावरून चार गाड्या गेल्या होत्या. तू एवढं बारीक रंगवून सांगत होतीस आणि मी रिसीव्हर धरून "हो का, हो का" म्हणत होते. अशी सफाई तुला कुठून आली गं? लहानपणी खोटं बोललीस की तुझे कान लाल व्हायचे. फोनवर कान दिसत नाहीत, हेच खरं.

ते चित्र तूच काढलंस ना? एकाहत्तराव्या वर्षी डाव्या हातात खडू धरून, मुद्दाम रेषेबाहेर रंगवत बसली होतीस? आणि ते हातमोजे, मेमध्ये दिलेली ती चौकटीची गोधडी, मॅलीच्या वाढदिवसाची ती बाहुली, हे सगळं कुठं आहे? तुझ्या कपाटात? का तेही दान केलंस?

मला माहीत आहे तू काय म्हणशील. म्हणशील, तुझ्या जिवासाठीच केलं, तू कुणाला तरी चिरडलं असतंस. बरं. गाडी काढून घ्यायची होती तर घ्यायची, मी भांडले असते, तुला शिव्या घातल्या असत्या, वर्षभर बोलले नसते, आणि मग बोलले असते. आपण बहिणी आहोत, आपण काय पहिल्यांदा भांडलो असतो? पण तू माझ्या रागाला घाबरलीस आणि माझ्या हातात एक पोरगी दिलीस. दोन नातवंडं दिलीस. मी रात्री जेवणाआधीच्या प्रार्थनेत डेलच्या नावानंतर त्यांची नावं घेत होते. डेलच्या आधी घेत होते, खरं तर. आता लिहिलंच आहे तर तेही लिहिते.

गाडीचं मला काही वाटत नाही. आता काहीच वाटत नाही. ते चित्र मात्र अजून फ्रिजवर आहे. दोनदा हात लावला. काढवत नाही.

गुरुवारी माझी डोळ्यांच्या डॉक्टरकडची तारीख आहे आणि मला न्यायला तुझ्याशिवाय कुणी नाही, कारण माझी गाडी तू दिलीस. नॉर्बर्टच्या गवत कापणीचे दिवस आहेत, त्याला सांगवत नाही. तेव्हा तू ये. मी मागच्या सीटवर बसेन. दार उघडायला उतरू नकोस, हाताला धरू नकोस, आणि माफी मागू नकोस, मला ती इतक्यात द्यायची नाही.

एकच काम कर. येतायेता क्रिस्टाचं काहीतरी ठरव आणि गाडीत मला सांग. लांब कुठेतरी नोकरी लागली म्हण, माहेरी गेली म्हण, चांगला नवरा मिळाला म्हण. फक्त ती मेली असं सांगू नकोस. मुलं लहान आहेत.

तुझी बहीण, त्याला आता इलाज नाही,
आर्डिस