माझ्या अन्ननळीला काहीही झालेलं नाही

१२ एप्रिल २०२६
यार्डातल्या काट्यावर स्वतःलाच तोललं. एकसष्ट किलो. दिवाळीत चौऱ्याहत्तर होतो. घाबरायचं कारण नाही. परतूरच्या मार्केट यार्डात बावीस वर्षं मापाडी आहे. उन्हाळ्यात मालात घट येते हे मला कोणी शिकवायला नको. सोयाबीन वाळतं तसा माणूसही वाळतो.
भाकरी छातीत अडकते ती यंदाच्या ज्वारीमुळे. फार कोरडी आहे.
ठराव: उद्यापासून गव्हाची पोळी.

१३ एप्रिल
गहूही कोरडाच निघाला.

२० एप्रिल
पद्धत सापडली. एक घास, वर तांब्याभर पाणी, उभं राहायचं, दोन्ही हात वर आणि टाचांवर तीन उड्या. उतरतं. बायकोने, म्हणजे कडूबाईने, विचारलं हे काय. योगासन आहे म्हणून सांगितलं. जेवताना कोन योगासन करतं, असं तिचं म्हणणं. तिला आरोग्यातलं काही कळत नाही.

२ मे
शिवकन्या संभाजीनगरला नर्सिंग शिकते. पोरगी सुट्टीला आली आणि दुसऱ्याच दिवशी मला तिकडच्या दवाखान्यात घेऊन गेली. मोरीत मी घास काढताना तिने पाहिलं होतं. घास जसा गेला तसाच आला होता, त्याला मी काय करणार?
पांढरं काहीतरी पाजून एक्स-रे काढले. नळी वर फुगलेली, खाली चोचीसारखी निमुळती. रोगाचं नाव अकॅलेशिया. नळीचं खालचं तोंड घास आला की उघडत नाही. वर्षाला लाखात एखाद्यालाच होतो. म्हणजे जालना जिल्ह्यात धरा वीस जण. त्या वीस जणांनी आपापलं पाहावं. मी त्यांच्यात नाही.

५ मे
शिवकन्या रोज मोबाइलवर संशोधन वाचून दाखवते. कारण जगात कोणालाच पक्कं माहीत नाही. अंगातली रोगाशी लढणारी शक्तीच नळीच्या नसांवर उलटते, असा शास्त्रज्ञांना संशय आहे. मेलेल्या नसा जिवंत करायचं औषध नाही. मग उरलं काय, तर फुगा घालून नळीचं तोंड रुंद करायचं, नाहीतर ऑपरेशन. त्यात एक पोएम म्हणून आहे. बेशुद्ध करून तोंडातून दुर्बीण घालतात आणि आतल्या आत स्नायू कापतात. बाहेर टाका नाही. त्यात आखूड काप पुरतो की लांबच हवा, यावर अजून अभ्यास चालू आहे म्हणे.
बरा सापडला मुद्दा. म्हणालो, आधी त्यांचं ठरू द्या, मंग माझ्याकडे या. ती म्हणाली, पप्पा, आखूड का लांब एवढंच ठरायचं राह्यलंय, कापायचं तर ठरलेलं हाय.
फार शिकवलं पोरीला.

१७ मे
अधिक महिना लागला. मी यार्डात जाहीर केलं की महिनाभर धारणं-पारणं करणार. एक दिवस कडक उपास, एक दिवस जेवण. सर्जेराव हमाल चक्क पाया पडला. अण्णासाहेब अडते म्हणाले, असा नेम आजकाल कोन करून राह्यलंय? मी नम्रपणे मान खाली घातली.
आता मी का जेवत नाही, हे कोणी विचारणार नाही. जेवायच्या दिवशी जेवण जात नाही, पण त्याने पुण्य वाढतंच.
वजन सत्तावन्न. घट.

२८ मे
तीर्थपुरीहून सासूबाईंचा फोन. सात जूनला धोंड्याचं जेवण. अधिकात जावयाला पुरण भरलेले धोंडे खाऊ घालायचे, हा मान आहे. मागच्या अधिकात मी अकरा खाल्ले होते. तीर्थपुरीत अजून माझं नाव निघतं. नेमाला एक दिवस सुट्टी.
तिकडे शिवकन्येने परस्पर दहा जूनला पोएमची तारीख घेतली. अट अशी की आधी पाच दिवस फक्त पातळ. मी हो म्हणालो. हो म्हणायला काही गिळावं लागत नाही.

७ जून
तीर्थपुरी. पाटावर बसलो, धोतर सैल केलं, तांब्या जवळ ओढला. सासूबाईंनी, केशरबाईंनी, ताट आणलं. ताटात एक वाटी. वाटीत पुरण पातळ करून, गाळून. बाजूला ग्लासभर ताक. बस.
मेव्हण्यांनी नजरा फिरवल्या. सगळ्यांना माहीत होतं. केशरबाई म्हणाल्या, जावाईबापू, नातीनं समदं सांगितलंय. बरे होऊन या, मंग अकरा काय, तेहेतीस करते.
असा अपमान सासुरवाडीत कोणाचा झाला नसेल. डोळ्यांत पाणी आलं. वाटी संपवायला पाऊण तास लागला आणि तेवढा वेळ म्हातारी वारा घालत समोर बसून राहिली.
मानाचे धोंडे डब्यात घालून कडूबाईकडे दिले. घरी वाटायला.

९ जून
संभाजीनगर, शिवकन्येची खोली. तीर्थपुरीहून सरळ इकडेच आलो, डब्यासकट. मायलेकी दवाखान्याचे कागद आणायला गेल्या. डबा समोर.
चाचणी म्हणून एकच घेतला. पाणी, हात वर, उड्या. नऊ उड्या लागल्या, पण उतरला. अख्खा. वर काही आलं नाही.
नळी मोकळी झाली. धारणं-पारण्याचा गुण. उद्या जातो तरी, नाव घातलं आहे म्हणून. डॉक्टरलाच प्रत्यक्ष पाहू द्या आणि ऑपरेशन नको म्हणून त्यांच्याच तोंडून ऐकू द्या.

१० जून
काप घातला नाही.
आधी दुर्बीण घालून पाहिलं. नंतर डॉक्टरांनी स्क्रीनवर फोटो दाखवला. पुरण, वरचं पीठ, सगळं ओळखू येत होतं. माझ्या नळीत, बंद तोंडाच्या वर, धोंडा बसलेला. बेशुद्ध केल्यावर हे वर येऊन फुफ्फुसात गेलं असतं तर जिवावर बेतलं असतं, म्हणाले. नवी तारीख सोळा जून.
शिवकन्या ओरडेल असं वाटलं होतं. ती बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.
कडूबाई पलंगाजवळ बसली. म्हणाली, आवं, तिथं खोलीवर पाहायला कोन होतं? कोनाला दाखवायचं होतं?
नेम, मान, चाचणी, सगळं तोंडाशी आलं.
कोणाला नाही, म्हणालो. भूक लागली होती. दिवाळीपासून लागली आहे.